मागच्या बाकांचा सूर

रविवारची चर्चमधली उपासना संपली की ऑर्गनबाईचं डोकं ठणकायला लागे. ऑर्गनच्या आवाजाने नव्हे, मागच्या बाकांवरच्या बाप्यांच्या शांततेने.

चांगले धडधाकट पुरुष. गाणं सुरू झालं की सगळे शिस्तीत उभे राहत, गीतपुस्तक उघडत, चष्मा नाकावर चढवत, आणि मग जी मिठाची गुळणी धरत ती थेट आमेनपर्यंत. कुणी छताकडे बघे, कुणी स्वतःच्या बुटांकडे, कुणी पुढच्याच्या कॉलरवर लोंबणाऱ्या धाग्याकडे. पुढे बायका गाऊन गाऊन लाल झालेल्या, आणि मागे हे बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे. त्यांत तिचा नवराही. बसडेपोत मेकॅनिक, दिवसभर इंजिनांवर ओरडून बोलणारा माणूस, पण चर्चच्या दारातून आत आला की याच्या जिभेला कुलूप.

खरं म्हणजे तिचा आणि पुरुषांचा संबंध रोजचा होता. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं कपडे घट्ट-सैल करून देण्याचं दुकान होतं, आणि चर्चच्या मंडळीतला निम्मा पुरुषवर्ग पँटी घेऊन तिथे येई. इतक्या वर्षांत एकाही बाप्याने तिला ‘माझं पोट सुटलंय’ असं सांगितलं नव्हतं. कापड आटलेलं असे, नाहीतर इस्त्री चुकलेली असे, नाहीतर आधीच्या शिंप्याने माप घेताना डुलकी काढलेली असे. बाई ‘हो का’ म्हणे, कमरेभोवती टेप टाके आणि दोन बोटं कापड मुकाट्याने सोडून देई.

पण गाण्याच्या बाबतीत मुकाट्याने काही करण्याची सोय राहिली नव्हती, कारण घरी मामंजी हट्टाला पेटले होते.

मामंजी म्हणजे तिचे सासरे. जन्मभर गवंडीकाम केलेले, चर्चची अर्धी कुंपणभिंत त्यांच्या हातची. ऑर्गन नव्हता त्या काळी गाणं सुरू करण्याचा मान त्यांचा होता. ते नुसत्या गळ्याने पहिली ओळ उचलायचे आणि मंडळी मागून यायची. सून ऑर्गन शिकलेली मिळाली तेव्हा त्यांनी तो मान हौसेने तिच्या हाती दिला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. नंतर कान गेले. यंत्र आणलं होतं, पण त्यातून भांडी जास्त आणि माणसं कमी ऐकू येतात म्हणून त्यांनी ते काढून वाटीत ठेवून दिलं. आता हृदयाने असहकार पुकारला होता. डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं की फार दिवस धरून चालू नका, आणि बाहेर सांगितलेलं ते मामंजींनी खिडकीतून डॉक्टरांचा चेहरा बघून ओळखलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “मला खड्ड्यात उतरवताना बाप्यांनी गायलं पाहिजे.”

“गातील की सगळे,” ती त्यांच्या कानाशी ओरडली.

“सगळे नाही, बाप्ये. बायका गातातच, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या बापाला उतरवला तेव्हा दोर धरणारे गात होते. मला हे मुके उतरवणार, एखादं कपाट उतरवल्यासारखे. मला ऐकू येत नसेल, पण दिसतं. चर्चमध्ये मागे वळून बघितलं की सगळी तोंडं मिटलेली दिसतात. हे काम तुझ्यावर सोपवलं.”

“माझ्यावर का? तुमचा मुलगा आहे ना.”

हे त्यांना बरोबर ऐकू आलं. “तो? त्याचं तर पहिलं तोंड मिटलेलं.”

झालं. बाईच्या डोक्याला भुंगा लागला. म्हाताऱ्याने आयुष्यात तिच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. तिची शिलाई, तिचा स्वयंपाक, तिचा राग, सगळं त्यांनी गोड मानून घेतलं होतं. आणि मागितलं ते हे, जे तिच्या हातात नव्हतं.

तिने पाळकसाहेबांना गाठलं. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, उत्साही माणूस. त्यांनी पुढच्याच रविवारी उपासनेनंतर चहा ठेवून पुरुषांची सभा बोलावली. विषय होता, उपासनेचं संगीत पुरुषांना आपलंसं कसं वाटेल. आणि काय सांगावं, जे बाप्ये चर्चमध्ये तोंड उघडत नव्हते ते सभेत तोंड मिटेनात.

वायरमन म्हणाला, स्पीकर लहान आहेत, छातीत दणका बसला पाहिजे. शाळेतले ड्रिलमास्तर म्हणाले, ठेकाच नाही, गाणं असं हवं की पाय आपोआप उचलला गेला पाहिजे. मग वायरमन पुन्हा उठला आणि जरा लाजत म्हणाला, “शब्दांचंही बघा काहीतरी. ‘तुझ्या मिठीत विरघळू दे’, ‘प्राणप्रिया, जवळी घे’. अहो, मी हे घरात बायकोला कधी म्हटलं नाही. इथे भर मंडळीत कसं म्हणू?”

सगळे खो खो हसले. बाईसुद्धा हसली, आणि मनात म्हणाली की याचं मात्र खरं आहे. नवरा कोपऱ्यात चहा फुंकत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “बघू.”

मग बाईने कंबर कसली. दुकानाचं शटर ओढलं की ती गीतपुस्तकं पसरून बसे. मिठ्या आणि विरघळणं बाजूला ठेवलं. खडक, वादळ, समुद्र, दगड फोडणारे हात, दिवसभर राबून घरी येणारा माणूस, अशी गाणी शोधून काढली. जिथे मिळेनात तिथे स्वतः रचली. वायरमनने मोठे स्पीकर बसवले. ड्रिलमास्तरांनी शाळेच्या बँडमधला ढोल आणला. पाळकसाहेबांनी प्रवचनात पुरुषांना उद्देशून चार जोरदार वाक्यं टाकली.

रविवार आला, गाणं सुरू झालं. स्पीकरने खिडक्यांची तावदानं थरथरवली, ढोलाने बायकांना टाळ्या धरायला लावल्या, आणि मागच्या बाकांवरून कोणी हूं की चूं केलं नाही. उपासना संपल्यावर मात्र एकेक जण येऊन बाईला सांगून गेला की गाणी फारच छान निवडलीत, आता खरी मजा आली. तिला वाटलं, ऑर्गनचं झाकण उचलून एकेकाच्या डोक्यात घालावं.

आठवडाभर तिने दुकानात एकेकाला धरलं. कमरेभोवती टेप असला की माणूस पळू शकत नाही.

“गात का नाही तुम्ही?” तिने वायरमनला विचारलं.

“चष्म्याचा नंबर बदललाय.”

“गाणं पाठ आहे तुम्हाला. परवा शिडीवर शिट्टीत वाजवत होतात.”

“शिट्टीला चष्मा लागत नाही,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता पोट आत ओढून उभा राहिला.

ड्रिलमास्तर म्हणाले, आठवडाभर मैदानावर ओरडून घसा बसतो, रविवारी त्याला विश्रांती देतो. आणि घरी नवरा म्हणाला, “मी मनातल्या मनात गातो.”

“मनातल्या मनात जेवता का?” ती म्हणाली आणि ताट जरा जोरातच आपटलं.

तो हसला. तिला हसू आलं नाही. आतल्या खोलीत मामंजींचा श्वास ऐकू येत होता, आणि तो दिवसेंदिवस चढणीवरच्या माणसासारखा लागत होता.

त्या शनिवारी गाण्याचा सराव होता, पण पाळकीणबाईंना सर्दी झाली म्हणून तो रद्द झाला. पाळकीणबाई, पाळकसाहेबांची बायको, म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच आवाज. त्या नसल्या की सरावाला अर्थच उरत नसे. बाई वाटेतून परत फिरली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. पॅसेजमध्ये चप्पल काढता काढता ती थबकली.

आत मामंजी गात होते. बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज नसतो, त्यामुळे दणदणीत. त्यांचं जुनं आवडतं गाणं, ‘पलीकडे कुणी दिवा लावून बसले आहे’. पण त्या थकल्या आवाजाला खालून दुसऱ्या एका आवाजाने आधार दिला होता. जाड, भरीव, अगदी सुरात. क्षणभर तिला वाटलं शेजाऱ्यांचा रेडिओ असेल. मग तिने दाराच्या फटीतून पाहिलं. नवरा बाही दुमडून, ओल्या टॉवेलने बापाची पाठ पुसत होता, आणि गात होता.

एवढा संसार झाला, त्या गळ्याचं घोरणं तिला पाठ होतं, आणि हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. आधी तिला रडू आलं. लगेच राग आला, आणि राग जास्त टिकला.

ती आत गेली तसा तो नळ बंद केल्यासारखा गप्प झाला. मामंजी डोळे मिटून पुढचं कडवं गातच राहिले.

“एवढा आवाज आहे तुमच्याकडे,” स्वयंपाकघरात आल्यावर तिने तोंड सोडलं, “आणि रविवारी मूग गिळून उभे राहता? बाप काय मागतोय ते माहीत असून?”

“ते वेगळं, हे वेगळं.”

“काय वेगळं? देव वेगळा आहे का गाणं?”

तो टॉवेल पिळत राहिला. पाणी केव्हाच निघून गेलं होतं तरी पिळत राहिला.

“इथे बाबा सुरू करतात,” तो शेवटी म्हणाला.

“आणि तिथे मी करते. मग?”

“तू जिथे सुरू करतेस ना, तिथे माझं संपतं.”

तिला कळलं नाही. तेव्हा त्याने हात छातीशी धरला. “बाबा इथून उचलतात. तू इथून.” हात कपाळाशी गेला. “दुसऱ्या ओळीला मला शिडी लागते. एकदा चढलो होतो. आवाज फाटला. पुढची पोरं वळून बघायला लागली. खालून गावं तर तळाला लागतो. मग म्हटलं, गप्प बसलेलं बरं.”

“सगळ्यांचंच असं आहे?”

“मला काय माहीत? आम्ही असल्या गोष्टी बोलतो का?”

“अहो, इतकी वर्षं. मी कविता केल्या, ढोल आणवला, तावदानं हलवली. एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?”

“काय सांगू?” तो एकदम चिडला. “गाणं बसवणाऱ्या बायकोला सांगू, की माझा आवाज पोचत नाही?”

बाईने कपाळावर हात मारून घेतला. कापड आटलंय, चष्म्याचा नंबर बदललाय, घसा बसलाय. आणि तिला हे कळायला हवं होतं, तिलाच. पाळकीणबाईंच्या आवाजाला शोभतं म्हणून तिने गाणी थोडी थोडी वर नेली होती. वर गेली की ती उजळत, चर्च भरून जाई, आणि तिला स्वतःलाच इतकं छान वाटे की आणखी थोडं वर. मंडळीतल्या निम्म्या पुरुषांच्या कंबरा तिने मापल्या होत्या. गळा एकाचाही मापला नव्हता. स्वतःचाही राग आला तिला, पण खरं सांगायचं तर नवऱ्याचा जास्त आला.

पाळकीणबाईंची सर्दी बरी झाली तशी पुढच्या रविवारी तिने गाणी खाली उतरवली. चांगली खाली. पाळकीणबाईंनी पहिल्याच ओळीला गळ्यावर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. बायका गोंधळल्या, दोघीतिघींनी मधूनच सोडून दिलं. उपासनेनंतर पाळकीणबाई म्हणाल्या, “आज गाणं आजारी वाटलं हो.”

आणि मागची बाकं? छत, बूट, कॉलर. नवऱ्याचे ओठ हलले एवढं तिने ऑर्गनवर मागचं दिसायला लावलेल्या आरशात पाहिलं. बाहेर काही आलं नाही.

“आज तर खाली घेतलं होतं,” घरी जाताना ती म्हणाली. दात आवळूनच म्हणाली.

“हो, लक्षात आलं.”

“मग?”

“कुणीच गात नव्हतं.”

“तुम्ही सुरू करायचं.”

“मी एकटा?” त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला भर रस्त्यात अंघोळ करायला सांगितलं होतं. “आणि तू सुरू करतेस, बायका उचलतात. आम्ही घसा साफ करेपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत गेलेलं असतं.”

तिने हात टेकले. गाणी पुन्हा वर गेली, पाळकीणबाई खूश झाल्या. मामंजी संध्याकाळी विचारत, “गायले का?” आणि ती मान अशी हलवे की अर्थ काहीही लावता यावा. पण डोळे तीक्ष्ण होते त्यांचे. ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडत.

मग एका सकाळी, चहा अर्धा घेऊन, ते गेले. शांतपणे गेले. कप त्यांच्या हातातून काढून घेताना बाईच्या मनात पहिला विचार आला तो हाच की बाप्ये अजून गात नाहीत. याची तिला लाज वाटली, आणि मग ती कपाळ पलंगाच्या कडेला टेकवून खूप रडली.

दफनभूमी टेकडीच्या उतारावर होती. तिथे ऑर्गन नाही, स्पीकर नाही, ढोल नाही. तिथे गाणं बाईच नुसत्या गळ्याने सुरू करायची, हा ठरलेला रिवाज. पेटी खड्ड्याच्या तोंडावर दोरांवर तोलून धरलेली. एका बाजूला नवरा आणि वायरमन, समोर ड्रिलमास्तर आणि डेपोतला एक मित्र. भोवती मंडळी उभी. पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली, पुस्तक मिटलं आणि बाईकडे पाहून मान डोलावली.

तिने तोंड उघडलं. सूर तयार होता, तिचा नेहमीचा, कपाळापाशी. पहिला शब्द ओठांवर आलेला. आणि तिने तोंड मिटलं.

पाळकसाहेबांना वाटलं तिला हुंदका आवरेना. ते थांबले. मग त्यांनी पुन्हा मान डोलावली. बाई हलली नाही. कुणीतरी खोकलं. दोर ताणून धरलेले हात थरथरायला लागले होते. शेजारी पाळकीणबाईंनी मदतीच्या चांगल्या भावनेने श्वास भरून घेतला, तेव्हा बाईने त्यांचं मनगट धरलं, आणि असं धरलं की तो श्वास त्यांना तसाच सोडून द्यावा लागला.

नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कर की सुरू, असं ते बघणं होतं. तिनेही त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला काडीचीही मदत केली नाही. त्याचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि इतकी कीवही आली नव्हती. समोर बापाची पेटी लोंबकळत होती आणि हा माणूस अजूनही दुसरं कोणीतरी सुरू करेल म्हणून वाट बघत होता. आता लोक एकमेकांकडे बघायला लागले होते. तिला वाटलं, आपण चूक केली. म्हातारा खरोखरच कपाटासारखा उतरणार.

“पलीकडे,” नवरा म्हणाला. गायला नाही, म्हणालाच. आवाज फुटलेला, घोगरा. त्याने घसा साफ केला आणि बापाच्या जागेवरून, छातीपासून, पुन्हा उचललं. “पलीकडे कुणी दिवा लावून…”

वायरमनने त्याच्याकडे चमकून पाहिलं. त्याच्याही हातात दोर होता, पुस्तक नव्हतं, चष्मा खिशात होता. त्याने दुसरी ओळ धरली. मग समोरून ड्रिलमास्तरांचा आवाज आला, मैदानापलीकडे पोचणारा. आणि मग मागून, उतारावरून, कुंपणाकडून, जिथे जिथे बाप्ये बूट बघत उभे होते तिथून तिथून. कुणी अर्धा सूर इकडे, कुणी तिकडे, पण सगळे जाड आणि भरलेले. दोर हळूहळू सुटत गेले आणि मामंजी त्या आवाजांवरून खाली उतरले. त्यांना ऐकू आलं नसतंच. पण वळून बघता आलं असतं, तर सगळी तोंडं उघडी दिसली असती.

बायकांनी साथ धरायचा प्रयत्न केला. वरून घ्यावं तर सूर आभाळात जाई, खालून घ्यावं तर घशात नुसती हवा. एकेक करून त्या गप्प झाल्या. पाळकीणबाई सगळ्यांत आधी. बाईने दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडली. मग ओठ मिटून ती आपल्या चपलांकडे बघत उभी राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि गळ्यातून काही निघत नव्हतं, आणि सगळ्यांत शेवटच्या कडव्यापर्यंत ती तशीच उभी होती.

टेकडी उतरताना नवरा तिच्या शेजारून चालत होता. डोळे सुजलेले, हातांवर दोराचे वळ. मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, “सगळे गायले. तूच गायली नाहीस. बाबांच्या वेळेला तरी गायचं होतंस.”

“फार खाली होतं,” ती म्हणाली. “माझा आवाज पोचेना.”

“मग सांगायचं नाही का?” नवरा म्हणाला.

ती वाटेतच थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता, अगदी मनापासून विचारत होता.